आमच्या घरी पुस्तकात कुणी मरत नाही

औरंगाबाद,
फाल्गुन, १९८८

तीर्थरूप केरबा गुरुजींच्या चरणी धाकट्या मेहुण्याचा, बद्रीनाथचा, दंडवत.

इकडं आम्ही दोघं बरे आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. तुमचा गुडघा कसा आहे? वैनींचा खोकला गेला की अजून आहे? वैजापूरला कांद्याचा भाव पडल्याचं ऐकलं. वाईट वाटलं, पण नवल वाटलं नाही. आमच्याकडं कुंडीतल्या तुळशीलाही माव्याची कीड लागली आहे. अक्षर वाकडंतिकडं आहे, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. मला आखलेल्या रेघा दिसत नाहीत, त्यामुळं एका ओळीच्या डोक्यावर दुसरी बसलेली असण्याचा संभव आहे. तुम्ही उभा जन्म शाळेतल्या पोरांची अक्षरं लावलीत, माझंही लावाल.

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर इथल्या ज्येष्ठ वाचक मंडळात जाऊ लागलो, हे तुम्हाला ठाऊक आहे. क्रांती चौकाच्या मागं एका मंगल कार्यालयात आम्ही रविवारी जमतो, अर्थात त्या दिवशी लग्न नसेल तर. (लग्नसराईत मराठी साहित्याचं फार नुकसान होतं.) मंडळाची पद्धत अशी की पाडव्याला नारळ फोडायचा आणि हातावर पाणी घेऊन प्रत्येकानं संकल्प सोडायचा, की पुढल्या पाडव्यापर्यंत मी इतकी पुस्तकं वाचीन. आकडा फळ्यावर चढतो आणि पुस्तक संपलं की नावापुढं रेघ पडते. नुसतं वाचून भागत नाही, मधूनमधून उभं राहून एखाद्या पुस्तकाविषयी बोलावंही लागतं. आमचे अध्यक्ष नानासाहेब हे रजिस्ट्री कचेरीत होते. त्यांच्या रेघा सगळ्यांत जास्त, कारण ते आरत्यांची पुस्तिका, एस.टी.चं वेळापत्रक आणि प्रेशर कुकरसोबत आलेलं माहितीपत्रकही पुस्तकात धरतात. गेल्या पाडव्याला त्यांनी तीसचा संकल्प सोडला. मी चाळीस म्हणालो. का म्हणालो ते विचारू नका. हातात पाणी असलं की माणसाच्या तोंडून काहीही निघतं.

आणि चैत्र संपायच्या आत डोळ्यांपुढं धुकं आलं. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू आहे, पिकू द्या, मग काढू. तोवर भिंग घेऊन बसलो. भिंगानं अक्षर मोठं झालं, पण धुकंही तेवढंच मोठं झालं. एकच पान दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा नवीन वाटलं. संकल्प बुडणार हे दिसत होतं (एवढं एकच तेव्हा स्पष्ट दिसत होतं). अशा वेळी तुमची बहीण दगडाबाई म्हणाली, "आणा इकडं. मी वाचते. दादानं मला चौथीपोतर उगंच शिकवलं का?"

तेव्हापासून रोज दुपारी भांडी झाली की ती पुस्तक घेऊन बसते. ओळीखाली बोट धरून खणखणीत वाचते. स्वल्पविरामाला शेंग फोडते आणि पूर्णविरामाला फोलपटं फुंकते. कुमुद गेल्यापासून आमच्या घरात "भाजी काय आणू" आणि "कडी लावा" याहून लांब वाक्य कुणी बोललेलं नव्हतं. कॉलेजात जाणारी आपली पोर साध्या तापाचं निमित्त होऊन गेली, आणि जाताना घरातली बोलणीही घेऊन गेली. आता दुपारभर दगडाबाईचा आवाज ऐकू येऊ लागला. तो दुसऱ्याच्या पुस्तकातला का असेना, आवाज तिचाच होता.

मी दगडाबाईला ग्रंथालयातून मुद्दाम दुःखी पुस्तकं आणायला सांगत असे. किमान दोन माणसं मेल्याशिवाय कादंबरी घेऊ नकोस, अशी माझी सक्त सूचना होती. गुरुजी, तुमच्यापासून काय लपवायचं? कुमुदचं नाव घेऊन आम्ही दोघं कधी एकत्र रडलोच नाही. ती माजघरात रडायची आणि मी कॅनॉलवर. मला वाटे, पुस्तकातलं कुणीतरी मरेल, त्या निमित्तानं दोघांच्याही डोळ्यांना पाणी येईल, आणि कुणासाठी आलं हे कुणी विचारणार नाही.

पण माझं नशीब पाहा. चाळीसचा संकल्प आणि एक माणूस मरेल तर शपथ! पहिल्याच कादंबरीत एक मास्तर क्षयानं खंगत होता. शंभर पानं तो खोकला. बायकोनं दागिने मोडले, वैद्यानं मान हलवली, गावातले लोक भेटून गेले. मी उपरणं हातात घेऊन तयार बसलो होतो. तर दुसऱ्या दिवशी मास्तर उठून शाळेत गेला! त्यानंतर ऐतिहासिक कादंबरी लागली. किल्ल्याला वेढा पडला, तोफा चालल्या, बुरूज ढासळला, आणि संध्याकाळी दोन्हीकडची माणसं आपापल्या घरी जेवायला गेली. तिसऱ्या पुस्तकात नायिकेचा नवरा पुरात वाहून जाता जाता परत आला, असं दगडाबाईनं वाचलं. मला बरं वाटलं. पण पुढं पुस्तकभर ती बाई पांढऱ्या कपाळानं हिंडते, दीर तिच्या वाटणीवर डोळा ठेवतो, आणि नवरा एक शब्द बोलत नाही. मी धरून चाललो की तो ओसरीवर बसून असावा. आमच्या खात्यात असे पुष्कळ होते. एकदा कादंबऱ्यांचा कंटाळा आला म्हणून कांद्यावरच्या रोगांचं पुस्तक आणवलं (तेही रेघेला चालतं). त्यातसुद्धा फवारणी केल्यावर मावा "निघून जातो" असंच आलं. कुठं जातो ते लेखकानं लिहिलं नव्हतं.

तेव्हा तरी मला संशय यायला हवा होता. आला नाही. माझं मत असं झालं की मराठी लेखकांची छाती गेली. मरण लिहायला धमक लागते, ती या पिढीत उरलेली नाही. हे मत मी मनात ठेवलं असतं तर बरं झालं असतं. पण गेल्या रविवारी बोलायची पाळी माझी होती आणि मी नुकतीच एक गाजलेली कादंबरी ऐकून संपवली होती. तिच्यात गरिबाघरची एक हुशार पोर आहे. तिला ताप येतो. ताप उतरत नाही, आई उशाशी बसून असते. आणि मग एका सकाळी ती पोर उठते, पिठलं-भाकरी मागते आणि पुस्तक संपतं. (तिच्याकडून उघडंच हातात घेतलं तेव्हा पुढं तीन बोटं पानं शिल्लक लागली. मला वाटलं, जाहिराती असतील.) पुस्तक काखेत मारून मी सभेत उभा राहिलो आणि त्या लेखकाची सालटी काढली. म्हणालो, हा भित्रा माणूस आहे. ज्या पोरीला मारायला दोनशे पानं खर्ची घातली तिला शेवटी पिठलं खाऊ घालतो, याला काय म्हणावं? आयुष्यात असं होतं का? आमच्या घरी तर नाही झालं, असंही ओघात बोलून गेलो.

मी खाली बसलो. मला वाटलं, भाषण लागलं. मग नानासाहेब घसा साफ करून म्हणाले, "बद्रीनाथराव, ती पोरगी मरती ना. मधीच मरती. मंग पुढलं सगळं पुस्तक तिच्या आईचं हाय."

मी म्हणालो, तुम्ही एस.टी.चं वेळापत्रक वाचलं असेल. वाद वाढला. मी पैज लावायला निघालो. शेवटी सारजाबाई उठल्या (या पूर्वी घाटीच्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, मंडळात त्या एकट्याच खरोखर वाचतात), माझ्या काखेतलं पुस्तक काढून घेतलं आणि पान शोधून वाचू लागल्या. आवाज सपाट, सुईची वेळ सांगावी तसा. पहाटे त्या पोरीचा श्वास थांबतो. आईला ते कळतं, पण ती कुणाला उठवत नाही. उजाडेपर्यंत कपाळावरची पट्टी पाण्यात बुडवते, पिळते आणि परत ठेवते.

गुरुजी, आमच्या घरी पट्टी अशीच बदलली जात होती. मी तेव्हा जागा होतो आणि पाहत होतो. सारजाबाईंनी पुस्तक मिटून माझ्याकडं दिलं आणि कुणीतरी मला पाणी दिलं. माझ्या डोळ्यांना वर्षभर ज्याची वाट पाहिली ते आलं, पण ज्या माणसाबरोबर यायला हवं होतं ते माणूस घरी शेंगा फोडत होतं. नानासाहेब जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "जाऊ द्या हो, बसा निवांत, जल्दी काय हाय." त्यांच्याकडून एवढी माया अपेक्षित नव्हती, त्यामुळं आणखीच पंचाईत झाली.

घरी येताना चौकात एक रिक्षावाला "ओ चाचा, आंखां खोलके चलो" म्हणून ओरडला. त्याचं बरोबर होतं. मी सगळा वेळ मास्तर, वेढा, ओसरीवरचा नवरा असे एकेकाला आठवत होतो. सगळे मेलेले होते. माझ्या बायकोनं बोटाखालची ओळ गाळून, घटकेत दुसरी रचून, एकेकाला उठवून बसवलं होतं. मी लेखकांना नावं ठेवत होतो आणि लेखिका माझ्यासमोर फोलपटं फुंकत होती. मला दुखू नये म्हणून ती हे करत असेल असं आधी वाटलं. पण तसं नसावं. तिच्या तोंडून तो शब्द निघतच नाही. कुमुदच्या वेळी आलेल्या बायकांनाही तिनं "ती झोपली हाय" असंच सांगितलं होतं.

आणि तुम्हाला मी काय सांगावं? तुमच्याआधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून तुम्हाला केरात टाकून उचललं आणि केरबा म्हटलं. तिला तर सरळ दगडच केलं. मरणानं नाव ऐकून तोंड फिरवावं, एवढाच तुमच्या आई-बापाचा हिशेब, आणि तो बरोबर निघाला. कुमुदच्या तेराव्याला ती एकदाच म्हणाली होती, "नाव लई देखणं ठिवलं आपण."

रविवारी घरी पोचल्यावर तिनं विचारलं, "काय म्हणली माणसं?" मी म्हणालो, सगळ्यांना पटलं. ती "व्हय का" म्हणाली आणि चहा ठेवायला गेली. दुसऱ्या दिवशी नवीन कादंबरी काढली. तिच्यात एक म्हातारा अंथरुणाला खिळला आहे. त्याची लक्षणं काही ठीक नाहीत. पण मला आता काळजी नाही, तो परवापर्यंत शेतात जाईल.

वैनींना नमस्कार. लेकरांना आशीर्वाद.

आपला,
बद्रीनाथ

ता. क. — मंडळाचा निकाल कळवायचा राहिला. नानासाहेबांनी बैठक घेऊन असा ठराव केला की ज्या पुस्तकात मेलेली माणसं जिवंत राहिली ते पुस्तक वाचलं असं धरता येत नाही. माझ्या रेघा पुसल्या. आता माझ्या नावावर एकच पुस्तक आहे, लोणच्यांचं. कांद्याच्या रोगांचंही गेलं, माव्यामुळं.

दुसरा ता. क. — मुद्द्याचं लिहायला विसरलो. पाडवा झाला की तुम्ही येणार आणि मला डोळ्याच्या ऑपरेशनला नेणार असं ठरलं आहे. मोतीबिंदू पिकला असं डॉक्टर म्हणतात. कृपा करून येऊ नका. दगडाबाईला पत्र टाका की उन्हाळ्यात डोळा कापला तर चिघळतो, थंडीत बघू. तुमचं ती ऐकते. थंडीत पुन्हा काहीतरी सांगू. मला दिसायला लागलं की पुस्तक माझ्या हातात येईल आणि दुपारचा आवाज बंद होईल. शिवाय सगळी माणसं पुन्हा मरतील. यातलं तिला काही कळू देऊ नका. पाकीट मी स्वतः डिंकानं चिकटवून देत आहे.

तिसरा ता. क. — दादा, मी दगडा. पाकिटावर पत्ता घालाया यांनी माझ्याजवळ दिलं. डिंक भायेरच्या अंगाला लावलाय, तोंड उघडंच व्हतं. मी वाचलं. समदं वाचलं, काय बी गाळलं नाय. तू यांचं ऐकू नको. पाडवा झाला की ये, डोळे करून आणू. उन्हाळ्यात चिघळत नाय, आमच्या शेजारणीचा केला, ती सुईत दोरा ओवती. मला कळलंय हे यांना सांगू नको. ते पोरीचं पुस्तक मी माघारी दिलं नाय, कपाटात ठिवलंय. यांना दिसाया लागलं म्हंजी यांनी वाचायचं आन मी ऐकायचं. पोर गेल्यावर तिच्या आईनं पुढं काय केलं ते मला ऐकायचंय. मला एकटीला वाचवत नाय.