टेबल नंबर एक

१४ मार्च

एखाद्या माणसानं मनापासून प्रयत्न केला की नाही, हे दुसऱ्यानं नुसतं बघून कसं ठरवायचं? मला माहीत नाही. आणि उद्यापासून नेमकं तेच ठरवायला मला बोलावलंय!

स्नूकरचा नियम तसा साधा आहे. जो बॉल लावायचा तो दुसऱ्याच्या आड लपलाय, आणि खेळाडूनं काठीनं मारलेला पांढरा बॉल त्याला लागलाच नाही, तर फाऊल. हे कुणालाही दिसतं. पण त्यानं लावायचा पुरेसा प्रयत्नच केला नाही असं रेफरीला वाटलं, तर 'फाऊल'च्या पुढं आणखी एक शब्द म्हणायचा – 'मिस'. तो शब्द तोंडातून गेला की समोरच्याला हक्क मिळतो. सगळे बॉल होते तिथं परत ठेवून घ्यायचे आणि याला तोच अवघड फटका पुन्हा मारायला लावायचा. पुन्हा चुकला तर पुन्हा. या एका शब्दावर डाव गेलेले मी पाहिलेत.

पांढरा कुठं गेला ते दिसतं. मन कुठं गेलं ते कसं दिसणार? मिस्टर हॅडफील्ड आम्हा सगळ्या रेफरींचे प्रमुख. परीक्षेच्या वेळी त्यांना हेच विचारलं, तर म्हणाले, "पोरी, तू जरा जास्तच शिकलीस. शंका आली की मिस म्हणायचं. सगळे तेच करतात."

बॅग भरली. शर्टाला आईनं इस्त्री केली, मी नको नको म्हणत असताना. बाबा दारातून म्हणाले, "घरात पहिली पदवी आली, आणि पदवीवाली चाललीय दुसऱ्यांचे बॉल पुसायला!" काचेच्या कारखान्यात सगळ्यांना सांगून झालंय त्यांचं. कुणाचे बॉल, कुठल्या स्पर्धेत, सगळं.

१५ मार्च

शेफील्ड. मोठ्या स्पर्धेची पात्रता फेरी.

टीव्हीवर दिसतं ते हे नव्हे. मुख्य फेरी ती गावातल्या नाट्यगृहात, महिनाभरानं – मखमली खुर्च्या, दिवे, गर्दी. इथं क्रीडासंकुलाच्या एका मोठ्या हॉलमध्ये ओळीनं टेबलं आणि मध्ये पडद्यांच्या भिंती. आपल्या टेबलावर माणूस श्वास रोखून वाकलेला असतो आणि पलीकडच्या पडद्याआड कुणीतरी खोकतं! जिंकत जाईल तो नाट्यगृहात जाणार. हरला तो काठी पेटीत घालून घरी.

माझा पहिला सामना चांगला गेला. गुण मोठ्यानं सांगताना आवाज कापला नाही. काळा बॉल पुसून जागेवर ठेवताना वाटलं, हे एवढं नीट काम जगात कुणी मला करू देतंय! खरंच वाटलं. घरी आठवडाभर नगरपालिकेच्या कचेरीत बसते तेव्हा असं कधी वाटत नाही. जेवणाच्या सुट्टीत चिप्स भरलेला पाव खाल्ला, उभ्यानंच, आणि बटर बाहीला लागलं. आईला सांगायचं नाही.

आमच्या गावचे नेव्हकाका दिसले. दुरूनच. त्यांचाही सामना होता, जिंकले ते. लांबून बोट कपाळाला लावलं, मी मान हलवली. रेफरी आणि खेळाडूत इथं तेवढंच.

१६ मार्च

दोन सामने. पाय सुजले. मजेत आहे.

१७ मार्च

हे नीट लिहायला हवं.

सकाळी हॅडफील्डनी बोलावलं. "तू मेक्सबरोची, आणि तो ओल्डरॉइडही. नातं?"

"नाही."

"मग दुपारी तूच उभी राहा. माणसं कमी आहेत."

नातं नाहीच. नेव्हिल ओल्डरॉइड आमचे कुणी लागत नाहीत. पण लहानपणी मी त्यांना काका म्हणायला लागले ते अजून म्हणते. आमच्या क्लबात स्नूकरच्या खोलीत बायकांना बंदी होती. माझी आई तिथली फरशी रोज सकाळी पुसायची – आणि संध्याकाळी तीच खोली तिला बंद! मी दारात उभी राहून बघायची. एके दिवशी नेव्हकाकांनी आत बोलावलं आणि गुण मांडायच्या फळीपाशी उभं केलं. कमिटीवाले धावत आले. काका काठीला खडू लावत शांतपणे म्हणाले, "ती खेळत नाहीये. गुण मांडतेय. गुण मांडणाऱ्या बाईविरुद्ध नियम असेल तर आणून दाखवा." तसा नियम नव्हता. कारण अशी बाई कुणाच्या डोक्यातच आली नव्हती! मग मी तिथंच मोठी झाले. पुढं विद्यापीठात जायच्या दिवशी बाबांची कारखान्यात पाळी होती, तर माझी खोकी गाडीत घालून मला लीड्सला काकांनीच सोडलं. वाटेत एकच वाक्य बोलले – "तिथं कुणी हुशारी दाखवायला लागलं तर गुण मोज, घाबरू नकोस."

आज टेबलापाशी मी त्यांना मिस्टर ओल्डरॉइड म्हटलं. त्यांनी मला रेफ म्हटलं. हसू आलं नाही, दोघांनाही.

समोर जेरोम लँगरिज, विशीतला, फार सुंदर खेळतो. हरेल त्याचं व्यावसायिक खेळाडूंच्या यादीतून नाव जाणार होतं – दोघांचीही तीच गत. काका आता सत्तेचाळीसचे. त्यांचं नाव एकदा गेलं की परत येणं नाही. शेवटचा डाव आला, बरोबरीत. लँगरिजनं पांढरा अलगद नेऊन तपकिरी बॉलच्या मागं लपवला. लाल बॉल पलीकडं, मध्ये भिंत.

काकांना दोन वाटा होत्या. टेबलाच्या एका कडेला आपटून लाल सहज लागला असता, पण मग तो लाल पॉकेटच्या तोंडाशी उघडा पडला असता. दुसरी वाट तीन कडांची, फार अवघड – पण हुकलं तरी समोरच्याला काही मिळणार नाही अशी. ते बराच वेळ वाकून उभे राहिले. मग सोपी सोडून तीन कडांची घेतली. पांढरा फिरून आला आणि लालच्या अंगावरून केसभर अंतरानं गेला.

"फाऊल," मी म्हटलं.

आणि पुढचा शब्द आलाच नाही.

लँगरिज खुर्चीतून उठला. माझ्याकडं बघत थांबला. मी गुण सांगितले. त्यानं आणखी जरा वाट पाहिली, मग टेबलाकडं वळला. त्याला खरंच काही मिळालं नाही. त्यानं बचाव केला, काकांना संधी मिळाली, आणि त्यांनी एकेक करत टेबल साफ केलं. शेवटचा काळा पडला तेव्हा पडद्यापलीकडून कुणीतरी टाळ्या वाजवल्या, कुणासाठी कोण जाणे.

हॅडफील्ड मागं बसून बघत होते. मी विचारायच्या आत म्हणाले, "तीन कडा, केसभर हुकला. मिस दिली असतीस तर चूक नव्हती. नाही दिलीस, त्यातही चूक नाही."

"मग बरोबर काय होतं?"

"तू म्हणालीस ते. रेफरीच्या वर अपील नसतं, बाई. जा, चहा घे."

घेतला. काका जिंकले याचा इतका आनंद झालाय की झोप येणार नाही. आणि मला दुसरं काहीतरीही वाटतंय, ज्याला अजून नाव नाही.

१८ मार्च

उपाहारगृहात रांगेत लँगरिज माझ्या पुढं. काठीची पेटी पाठीला, घरी निघालेला. मला पुढं जाऊ दिलं त्यानं!

"काल छान सांभाळलात, रेफ," म्हणाला. मग हसत, "एकदाच वाटलं, घसा बसला तुमचा."

"वाईट वाटलं तुझा सामना गेला म्हणून," म्हटलं.

"छे! म्हातारा भारी खेळला शेवटी. मला तरी तसं टेबल साफ करता आलं नसतं." पावात भरपूर सॉस घातला आणि गेला. मनात काही ठेवून बोलणारा पोरगा नाही तो. म्हणूनच जास्त लागलं.

काल मी बॉलकडं बघून ठरवलं, की माणसाकडं? दिवसभर तो फटका डोळ्यांपुढं आणून बघितला. लँगरिजनं मारलाय असं समजून बघितलं. मग मिस म्हटलं असतं का? एकदा वाटतं हो. एकदा वाटतं नाही.

१९ मार्च

टेबल नंबर एक!

हॅडफील्डनी सगळ्यांसमोर वाचलं. शेवटची फेरी, एक नंबरचं टेबल, कॅमेरा आणि खुर्च्या असलेलं. मी! तिथं उभं राहणाऱ्याला नाट्यगृहात नेतात, हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही. जो वेल्सचा रेफरी तीन वर्षं वाट बघतोय तोही आला आणि माझा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणाला, "शोभेल तुला." माणसं किती चांगली असतात. मला इथं कुणीच आपलं तोंड वाकडं करून दाखवलेलं नाही.

सामना: ओल्डरॉइड. समोर कुणीही असो.

घरी फोन केला. आईनं मला तेच दोनदा सांगायला लावलं. मग एकदम, "मी येते. बाबाही येतायत, रजा टाकली. लग्नातला निळा कोट घालू का गं? की फार होईल?"

"घाल."

"टीव्हीवर दिसेल का?"

"तू नाही, मी दिसेन."

"तेच विचारतेय!" आणि मग रडायला लागली. मागून बाबा ओरडत होते, "तिला सांग, नीट पूस म्हणावं!"

आईच्या हातांनी त्या खोलीची फरशी पुसली, आणि उद्या-परवा तिची लेक त्याच खेळाच्या मधोमध उभी राहणार आणि सगळे पुरुष गप्प बसून तिचं ऐकणार. देवाचे, आईचे, काकांचे, कुणाकुणाचे आभार मानू?

२० मार्च

उद्या सामना. आज काका कॉरिडॉरमध्ये समोरून आले. आसपास कुणी नव्हतं. थांबायला नको होतं, पण थांबले. दोघंही.

थकलेत. डोळ्यांखाली काळं झालंय. म्हणाले, "पोरी, नाव वाचलं तुझं. आईला कळवलंस?"

"येतायत दोघं."

"चांगलं झालं." मग माझ्या खांद्यावर हात ठेवला, लहानपणी ठेवायचे तसा. "आणि माझंही चांगलं झालं बघ. हल्ली हात कापतो माझा. पण टेबलापाशी आपलं माणूस आहे म्हटलं की धीर येतो."

किती प्रेमानं म्हणाले. त्यात लबाडी नव्हती – त्या माणसानं आयुष्यात स्वतःचे फाऊल स्वतः सांगितलेत, कुणी पाहिले नसताना. त्यांना फक्त बरं वाटत होतं. आणि मी म्हटलं, "छान खेळा, काका."

काका! टेबलापासून दहा पावलांवर!

खोलीत येऊन बसले. आपलं माणूस. खरंच आहे मी. ही नुसती बोलायची रीत नव्हे. उद्या ते लपलेल्या बॉलपुढं वाकतील तेव्हा मला त्यांचा हात कापताना दिसेल, आणि लीड्सची गाडी दिसेल, आणि फळीपाशी उभी असलेली मी दिसेन. समोरच्या खेळाडूचं मला काहीच दिसणार नाही. त्यालाही कुणीतरी लहानपणी आत बोलावलं असेल.

त्यांनी मला गुण मांडायला उभं केलं ते खरे गुण मांडायला. दुसरं काही त्यांना नकोच होतं कधी.

आईनं कोट घालून बघितला म्हणे. बटण तुटलं, शिवलं. आता फोन ठेवलाय. विचार करायचा नाही असं ठरवून विचार करतेय.

२१ मार्च

सकाळी हॅडफील्डकडं जाऊन टेबल एक परत दिलं.

"कारण?"

"ते जिंकावेत असं मला वाटतं."

"ते तर मलाही वाटतं. निम्म्या हॉलला वाटतं."

"आज फाऊल तुम्हाला सांगायचा नाहीये."

त्यांनी यादीतलं माझं नाव खोडलं. "नाट्यगृह यंदा गेलं. कळतंय ना?" कळतंय म्हटलं. वेल्सवाला तयार होताच.

तिकीट काढून आईच्या शेजारी येऊन बसले. ती दचकली – "अगं बाई! तू इकडं काय करतेस?" सांगितलं. तिनं निळा कोट गुडघ्यांवर सारखा केला, आणि थोड्या वेळानं माझा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला.

काका आले. रेफरीकडं बघितलं, मग खुर्च्यांमधून शोधत राहिले आणि मी सापडले. पहिला लाल लांबून मारला, सरळ पॉकेटमध्ये.

रेफरीला टाळी वाजवता येत नाही. मी वाजवली.