खालची कवळी

३ फेब्रुवारी
ह्यांना काल पोलिसांनी नेलं. घरात बोलायला दुसरं कोणी नाही आणि शेजारी जाऊन रडगाणं गायचा माझा स्वभाव नाही, म्हणून लिहिते.

कारण काय, तर नक्कल. ऑफिसातल्या जुन्या मित्राच्या निरोप समारंभात ह्यांनी पोलिसांच्या मोठ्या साहेबांसारखं भाषण ठोकलं — दोन शब्द बोलायचे आणि ‘टक्’. साहेबांची कवळी बोलताना वाजते, हे सगळ्या शहराला ठाऊक आहे. लोक पोट धरून हसले. कोणीतरी मोबाइलवर घेतलं. झालं. पदाचा अवमान! तसं कलम आहे.

मी नेहमी म्हणते, तुमच्या जिभेला हाड नाही. तर म्हणायचे, “हाड नसेना, तुझी कवळी आहे ना.”

साहेबांची कवळी माझ्या हातची नाही. माझी वाजत नाही.

४ फेब्रुवारी
भेटू दिलं नाही. हवालदाराने पुडकं हातात दिलं. “काकांचं सामान.” चष्मा, घड्याळ, वरची कवळी धड. खालचीचे तीन तुकडे.

“पायऱ्यांवरून पडले,” म्हणाला. माझ्याकडे न बघता.

कवळ्या घडवण्यात जन्म गेला माझा. हातातून पडली तर कवळी बहुधा मधोमध दुभंगते. ही उजवीकडून फुटली आहे, दात आत दबले आहेत. म्हणजे तोंडात असताना. पायऱ्या काही नेम धरून एकाच गालावर बसत नाहीत.

५ फेब्रुवारी
साहेबांनी बोलावलं. खुर्ची दिली, पाणी दिलं. “बाई, ह्या वयात त्यांना तुरुंग झेपायचा नाही.” टक्. मी हसले नाही.

लिहून द्यायचं ते असं — कवळी कच्ची होती, दोष माझ्या कामाचा, जेवताना फुटली आणि तोंडाला लागलं. दिलं की अवमानाचं प्रकरण मिटलं. नाही तर हे आत. बाहेर मी काही बोलले तर तेच कलम मलाही.

काल पायऱ्या होत्या. आज जेवण.

भाची वकील आहे, बाहेर बाकावर बसली होती. “मावशी, सही करू नकोस. दोन दिवस दे मला.”

“आणि त्या दोन दिवसांत आत काय होईल?”

मी आत जाऊन सही केली.

६ फेब्रुवारी
हे घरी आले. उजवा गाल काळानिळा. पोलिसांच्या डॉक्टरने सांगितलं, नुसती सूज आहे, उतरेल. चमच्याने दूध पाजते. बोलत नाहीत. घरात माझ्या एकटीचाच आवाज. मला तो आवडेना.

१० फेब्रुवारी
अजून गप्प.

२१ फेब्रुवारी
सूज उतरली. खालची कवळी नवी केली. प्रत्येकाच्या जबड्याचा प्लास्टरचा साचा मी जपून ठेवते. ह्यांचाही फडताळात होता. त्याच्यावरच घडवली. पुन्हा माप घेऊन दुखवायचं कशाला?

“कच्ची नको हं,” म्हणाले. इतक्या दिवसांत पहिली थट्टा. मी स्वयंपाकघरात निघून गेले.

२२ फेब्रुवारी
बसत नाही. घासली, पुन्हा घासली. उजवीकडे टेकवली की डावीकडून उचलते. ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी “राहू दे, सवय होईल” म्हणतात. माझ्या कवळीची कधी कोणाला सवय करून घ्यावी लागलेली नाही. वाटलं, कागदावर जे खोटं लिहिलं ते हातात उतरलं.

२३ फेब्रुवारी
नवं माप घेतलं. प्लास्टर वाळल्यावर दोन्ही साचे शेजारी शेजारी ठेवले.

हात माझा ठीक आहे. जबडाच तो राहिला नाही. उजवीकडे हाड वरखाली झालं आहे, नख फिरवलं तरी लागतं. सूज म्हणे.

भाची लगेच आली. साचे बघून खालीच बसली. “मावशी, हे कोर्टात गेलं की तुझी ती सही खोटी ठरते. पोलीस पुन्हा येतील. ह्या वेळी दोघांसाठी.”

“ठाऊक आहे. पण गाल ह्यांचा आहे, ह्यांना विचारू दे.”

ह्यांनी जुना साचा हातात घेतला, उजव्या बाजूवरून अंगठा फिरवला. मग माझ्याकडे बघून, त्या बोळक्या तोंडाने, जिभेनेच केलं — टक्.

२४ फेब्रुवारी
भाचीच्या हाती कोर्टात दिलं: जुना साचा. नवा साचा. फुटक्या कवळीचे तिन्ही तुकडे. माझा जबाब — कवळी पक्की होती, पहिली सही नवऱ्याला सोडवण्यासाठी केली. पोच घेतली.

दोघांचे कपडे पिशवीत भरून दाराशी ठेवले आहेत.