टॉमीचे शब्द

सातारा,
१२ नोव्हेंबर १९४६

चि. मानसिंग यास अनेक उत्तम आशीर्वाद.

मिरजेत रेल्वेची नोकरी लागल्याचं तुझं कार्ड पोचलं. आनंद झाला. स्टेशनजवळच्या खोलीत धूर फार असेल, तरी पलटणीच्या तंबूपेक्षा बरी. इकडे थंडीनं तुझ्या काकूंचे गुडघे धरलेत. माझा खोकला नेहमीचाच.

तू दिलेली शब्दांची वही तीनदा वाचली. दीडशे शब्द! ‘डेको’ म्हणजे नजर टाकणं, हे तर आपल्याच ‘देखो’चं गोरं पोर. ‘प्रँग’ म्हणजे विमान आपटणं, ‘जेन’ म्हणजे आतली खबर, ‘ब्राउन्ड ऑफ’ म्हणजे पार वैतागलेला. शाळेच्या जाडजूड कोशात यातले बहुतेक नाहीतच. इंग्रजी तिसरीत बाजारी इंग्रजी बोललास म्हणून याच मास्तरानं तुला छड्या मारल्या होत्या. पुढे इटलीहून आलेल्या तुझ्या पहिल्या पत्रात टॉमी लोकांचे, म्हणजे गोऱ्या शिपायांचे, दोन शब्द दिसले आणि मी खुळावलो. नवं इंग्रजी जन्मताना पाहणारा साताऱ्यात मी एकटाच, अशी हवा डोक्यात गेली. पुण्याच्या मासिकात माझा लेख छापून आला तेव्हा तो मी शाळेत सगळ्यांच्या टेबलांवर मिरवला. त्यात तुझं नाव घातलं नाही. पण ही चोरी त्यातल्या त्यात लहान.

गेल्या महिन्यात तू भेटायला आलास, ओसरीवर बसलास आणि म्हणालास, “आवं मास्तर, आई एवढी दुखण्यात हुती, तर तिनं मला बोलावलं का न्हाई? पलटणीत गेलो म्हनून शेवटपातुर राग हुता का तिचा?”

मी म्हणालो, “सेन्सॉरनं काळं फासलं असेल.”

“न्हाई. शेवटच्या पत्रावर एक बी काळी रेघ न्हाई. हे बघा, खिशात हाय माझ्या.”

यावर मी वही उघडली आणि तुला ‘स्क्राउंज’चा अर्थ विचारला. तू बिचाऱ्यानं ‘हळूच लांबवणं’ असा सांगितलासुद्धा. काकू आतून ऐकत होती. रात्री तिनं माझ्याकडून सगळं वदवून घेतलं. त्या दिवसापासून ती माझ्याशी वाढण्यापुरतंच बोलते. “त्याला कळवलंत का?” एवढं मात्र रोज विचारते.

तर आता कळवतो. तुझी पत्रं आईच्या नावानं माझ्या पत्त्यावर यायची आणि ती, शालूबाई, बाजाराच्या दिवशी ऐकायला यायची. उत्तर ती सांगायची, मी लिहायचो. लष्करी टपालाचा एकच कागद, तोही एका बाजूनं लिहायचा. ४४ सालच्या ऑगस्टमध्ये ती आली तेव्हा माझे सहा प्रश्न कागदावर आधीच लिहून झाले होते. हा शब्द साहेब बोलतात की शिपाई, रागात बोलतात की थट्टेत, असले प्रश्न. वर तिच्यासाठी तीन ओळींची जागा उरली होती. तिथे मी ‘इकडे सर्व क्षेम, काळजी नसावी’ असं लिहून मोकळा झालो. तिनं सांगितलेलं लिहिलं नाही. बायकांचं पोटदुखीचं रडगाणं चालूच असतं, पुढच्या पत्रात घालू, असं मनाशी म्हणालो. होय, हेच शब्द होते माझे.

“वाचून दावा, मास्तर,” ती म्हणाली. मी कागद डोळ्यांसमोर धरला आणि तिचं बोलणं तिलाच घडाघडा वाचून दाखवलं. कागदावर त्यातलं अक्षरही नव्हतं. “व्हय, बराबर लिवलंय,” म्हणून तिनं समाधानानं मान हलवली.

दीड महिन्यानं तुझं उत्तर आलं. पानभर माझ्या प्रश्नांची उत्तरं, तीही किती मन लावून लिहिलेली. ती म्हणाली, “माझ्या दुखण्याचं काय म्हनतोय?” मी म्हणालो, “त्याबद्दल काही नाही लिहिलं.” तिनं पिशवी उचलली. “कामात आसंल लेकरू,” म्हणाली आणि उठून गेली. पुन्हा पत्र सांगायला ती आली नाही. पौषात ती वारली आणि भावकीनं तुला तार केली.

मानसिंग, तुला सुट्टी मिळाली असती की नाही, मला ठाऊक नाही. तिचं दुखणं बरं होण्यातलं होतं की नाही, तेही नाही. पण तिनं तुला बोलावलं होतं, आणि तू उत्तर दिलं नाहीस असं समजून ती गेली. हे सगळं माझ्यामुळे. वर्गात अजून फळ्याकडे तोंड करून उभा राहतो, तेव्हा पोरांना पाठ दाखवायचीही मला लाज वाटते. क्षमा मागायचं धाडस नाही. वही याच टपालानं परत पाठवली आहे.

तुझ्या खिशातलं पत्र तुझ्या आईचं नाही. तिचं पत्र मला तोंडपाठ आहे, ते खाली देतो.

“मानसिंगा, माझ्या पोटात लय दुखतंया. डाक्टर म्हनतोय, मिरजंच्या दवाखान्यात न्या. मी दुसऱ्या कुनासंगं जायाची न्हाई. पलटणीत गेलास त्याचा राग कवाच गेला रं. सुट्टी काढून ये. मला एकटीला भ्या वाटतंय.”

सांगणार, तुझी आई शालूबाई.
लिहून घेणारा, सव्वादोन वर्षं उशिरा, गोपाळकृष्ण.