फ्लोरिंदाचा बर्फ

३ फेब्रुवारी

पुन्हा कर्र-कर्र! चूल पेटायच्या आधी फ्लोरिंदा पेलाभर बर्फ घेऊन दारात. कारखान्यातला गडी होआकिन मासळीच्या पेट्यांत बर्फ भरत होता, तो ओरडला, "मालक, नशीब काढलंत! गिऱ्हाईक घरातच!" मीही छाती फुगवली. एके काळी हातगाडीवर बर्फ किसून विकणाऱ्याची बायको आज स्वतःच्या कारखान्यातला बर्फ चघळते — आणखी काय पाहिजे!

बर्फाची लादी मी टिचकीवर ओळखतो. घट्ट, पोकळ, भेगाळलेली. बाराओना बंदराच्या अख्ख्या धक्क्यावर असा कान दुसऱ्याचा नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

मेव्हणीकडे जेवण. भात, घेवडा, मटण. मग मेरेंगेची नाचगाणी लागली. नाचात मला आजवर फ्लोरिंदानंच दमवलंय. आज अर्ध्या गाण्यातच खाली बसली. ओठ पिठासारखे.

"उकाडा आहे," म्हणाली. फेब्रुवारीत!

मेव्हणी — दामारिस — लगेच बीट-गाजराचा रस घेऊन आली. त्यात माल्ट, वर गोड आटीव दूध. "पी गं. रक्त वाढतं. आजीनं यावर आठ बाळंतपणं काढली."

फ्लोरिंदा म्हणाली, "यात बर्फ घाल."

घातला. मीच.

९ फेब्रुवारी

रस पाजला. तिनं वरचा बर्फ खाल्ला, रस मी संपवला. माझी तब्येत उत्तम.

१२ फेब्रुवारी

जिन्यात कोसळली. होआकिनच्या गाडीतून, मासळीच्या पेट्यांशेजारी बसवून इस्पितळात नेली.

डॉक्टरीणबाई पोरसवदा, पण नजर धारदार. खालची पापणी ओढून पाहिली, रक्त तपासलं. हिमोग्लोबिन पाच! बारा पाहिजे म्हणे. मग मला विचारलं, "या बर्फ खातात का?"

मी ऐटीत — "खाते म्हणजे काय! आमच्याच कारखान्यातला!"

"किती दिवस?"

"दोन वर्षं झाली."

बाई हसल्या नाहीत. "अंगातलं लोह संपलं की काही बायकांना बर्फाची अशी ओढ लागते. दोन वर्षं त्या तुमच्यासमोर आजार चघळत होत्या."

मी टोपी काढून हातात घेतली. दुसरं काय करणार!

१३ फेब्रुवारी

रक्त द्यायला माणसं आणा, म्हणाले. धक्क्यावर एक हाक टाकली, अकरा जण आले. सात परत पाठवले — आदल्या दिवशीची रम! होआकिनही त्यातच. वर म्हणतो, "मालक, माझ्या रक्तात तुमचाच बर्फ आहे, रमबरोबर!"

दुसरी पिशवी चढली आणि फ्लोरिंदाच्या नखांना रंग आला. मी खिडकीकडे तोंड केलं. नर्सला वाटलं समुद्र बघतोय.

१४ फेब्रुवारी

आज बोलली. दर महिन्याला बारा-बारा दिवस अंगावरून जायचं म्हणे. रक्ताच्या गाठीच्या गाठी. काळे घागरे त्यासाठीच शिवले होते, आणि मी शिंप्यासमोर म्हणालो होतो, काळा रंग तुला शोभतो!

"वाटलं, वय झालं. आईलाही असंच व्हायचं."

"मला सांगायचं नाहीस?"

"म्हाताऱ्या, कोणाची होडी कधी निघाली, कोणाची बायको का रुसली, सगळं तुझ्या कानावर येतं. वाटलं, माझंही येईल."

संत्रं सोलून दिलं.

१७ फेब्रुवारी

गर्भाशयात तीन गाठी. रक्त तिथूनच जात होतं. आधी सलाइनमधून लोह, ताकद आली की शस्त्रक्रिया. गर्भपिशवीच काढायची. दामारिस रडायला लागली. फ्लोरिंदानं तिलाच झापलं — "रडतेस काय? यानेलिसला जन्म दिला, त्या घराचं काम झालं. आता तीन फुकटे भाडेकरू बसलेत. हाकलते!"

यानेलिस, आमची लेक, राजधानीत शिकते. फोनवर म्हणाली, "येऊ का, पपा?" म्हटलं, परीक्षा दे, तुझी आई भांडायला लागलीय. म्हणजे बरी आहे.

२८ फेब्रुवारी

फ्लोरिंदा घरी आलीय. दुपारी नेहमीसारखा बर्फाचा पेला भरून ठेवला. ती दामारिसशी बोलत बसली. तासाभरानं पाहतो तर पेल्यात नुसतं पाणी! हात लावला नाही.

मी ते पाणी जास्वंदीला घातलं.

१९ मार्च

भाडेकरू गेले. गुंगीतून डोळे उघडले आणि पहिलं वाक्य — "दाढी कर. समुद्री चाच्यासारखा दिसतोस."

२ मे, शनिवार

दामारिसच्या अंगणात फ्लोरिंदा पूर्ण दोन गाणी नाचली! तिसऱ्याला मी खुर्ची मागितली. "बर्फ आणू का रे तुला?" म्हणते — सगळ्यांसमोर! पिवळ्या घागऱ्यात होती. काळे सगळे फाडून फरशी पुसायला घेतलेत.

१० मे

यानेलिस काल सुट्टीला आली. सकाळी कारखान्यात लाद्या मोजत होतो. मागून आवाज.

कर्र-कर्र.

वळलो. फ्लोरिंदा तर बाजारात गेलेली. लेक दारात, हातात पेला. "काय झालं पपा? असे काय बघता?"

पेला काढून घेतला. होआकिनला म्हटलं, कारखाना सांभाळ. तिला गाडीत बसवलं. "पोरी, रस्त्यात सगळं सांग. दर महिन्याचं. लाजू नकोस, मी ऐकतोय."