भर दुपारी यमन

२७ ऑगस्ट १९३३
पचका झाला. गणपतीपुढं, सगळ्या पेठेच्या देखत! यमन सुरू केला, माणसं गप्प झाली, आणि त्या शांततेत मला माझाच श्वास ऐकू यायला लागला. दुसरी ओळ गेली ती गेलीच. तंबोरा उचलून खाली उतरले.

२८ ऑगस्ट
सिद्धाप्पा मास्तर ‘साकु, साकु’ करत बसले — कानडीत पुरे म्हणायला लागले की समजायचं, चिडलेत. ‘रियाज कमी पडला. दुप्पट कर. नवरात्रात देवीपुढं परत बस. तिथं बी थांबलीस तर माझा तंबोरा आणून दे.’
दुसरं कोणी बाईला शिकवत नाही. तंबोरा गेला की गाणंही गेलं. नाही देणार!
मास्तर स्वतः मात्र खोलीबाहेर कधी गात नाहीत. पण त्यांना विचारणार कोण?

१० सप्टेंबर
दुप्पट चाललंय. समोर नरसम्माच्या घरी दिवसभर माग खटखटतात, तरी यमन कुठं अडत नाही. मग त्या दिवशीच काय झालं?

१९ सप्टेंबर, सर्वपित्री
अवसेला माग बंद. गल्लीत कावळे सोडून आवाज नाही. घरात एकटीच गायला बसले — आणि पुन्हा दुसऱ्या ओळीलाच थांबले!
समोर चिटपाखरू नव्हतं. म्हणजे मी माणसांना भिते हे खोटं. मागांच्या खटखटीत माझी मीच मला ऐकू येत नव्हते. शांततेत येते, आणि तेच सोसत नाही. असला रियाज दसपट केला तरी काय उपयोग? मला दुप्पट नको, वेगळा हवा.

२० सप्टेंबर
दुपारच्या जेवणाला माग थांबतात. तंबोरा घेऊन नरसम्माच्या ओट्यावर गेले. ‘इथं गाऊ का?’
‘म्हन की. आमी जेवतोय.’
दुसऱ्या ओळीला अडले, थांबले. पुन्हा पहिल्यापासून घेणार, तर नरसम्मा म्हणाली, ‘मदेच थांबू नको बाई. घास तोंडातच ऱ्हातो.’
तिथूनच पुढं गेले. फाटक्या आवाजात, पण गेले.

२३ सप्टेंबर
मास्तरांना कळलं. ‘भर दुपारी सांजचा यमन? रागाला वेळ असती का न्हाई?’
‘भीतीला नसते,’ म्हटलं. तोंडावर म्हटलं!
उद्याही जाणार.

२४ सप्टेंबर
गेले.

२६ सप्टेंबर
देवीपुढं गायले. शांतता झाली, श्वास ऐकू आला. येऊ दे, म्हटलं. दुसऱ्या ओळीत सूर घसरला, तिथूनच पुढं गेले, आणि शेवटपर्यंत गेले. कोणी उठलं नाही. केवढा आनंद झाला म्हणून सांगू!
मास्तर मागं खांबाशी उभे होते. गाणं संपताच निघून गेले. जाऊ देत. तंबोरा माझ्याकडेच आहे.

२ ऑक्टोबर
दुपारी मास्तर नरसम्माच्या ओट्यावर आले. माझ्या हातातला तंबोरा घेतला. गेला तंबोरा, म्हटलं.
तर तिथंच मांडी घालून बसले. ‘माणसांपुढं बसून लई वर्सं झाली. शेवटच्या टायमाला मीबी तुज्यासारखाच मदेच उठलो हुतो,’ म्हणाले. आणि यमन धरला. दुसऱ्या ओळीला आवाज अडला. नरसम्माचा घास हातातच राहिला.
‘तिथूनच पुढं, मास्तर,’ मी म्हटलं.