आडोशाला काढलेली धार

होटगी, ८ फेब्रुवारी १९३२
दादानं आज सोलापुरातून आणून इथं शेतातल्या खोपीत टाकलं. "क्षयाला मोकळी हवा आणि शेळीचं दूध, डॉक्टरच म्हणाले." म्हणाले असतील. पण वहिनीनं माझी ताटवाटी वेगळ्या फडक्यात बांधून दिली, तेही डॉक्टरच म्हणाले का? चौदा वर्षं मास्तरीण आहे मी. पोरींची लबाडी नुसत्या डोळ्यांवरून ओळखते.

११ फेब्रुवारी
दुधाला धनगराची केराबाई येते. म्हटलं, धार माझ्यासमोर काढायची. पाणी घालत नाही कशावरून? ती हसली. "काढते की. पण करडू लुचल्याबिगर ही पान्हा सोडत न्हाय. लई मायाळू हाय."
करडू काळं, एक कान पांढरा. दोन घोट प्यालं न प्यालं तोच तिनं ओढून बाजूला बांधलं. माझ्यासाठी. मला बरं वाटलं नाही.

१९ फेब्रुवारी
केराबाई बाजेला अगदी टेकून बसते. वाटलं, हिला माझ्या रोगाचं ठाऊकच नसावं. ठाऊक झालं की हीही पळेल. आज सांगूनच टाकलं. "ठाव हाय की. माझा धाकला दीर यानंच गेला," म्हणाली आणि माझे केस विंचरायला बसली. सहा महिन्यांत कुणी हात लावला नव्हता मला. रडले.

२६ फेब्रुवारी
ज्वारीवर भोरड्यांचे थवेच्या थवे. सकाळभर बघत पडले. करडू बाजेवर चढून पदर चघळतं. बंड्या नाव ठेवलंय. हजेरीला पहिला. आठ दिवसांत रक्त पडलं नाही.

३ मार्च
बंड्या आला नाही. "रानात हाय," केराबाई म्हणाली. डोळे खाली. ही नजर मला नवीन नाही.

४ मार्च
आता शेळी खोपीमागे नेऊन धार काढते! "उनाचं आडोशाला बरं पडतं, बाई." सकाळी सातला कसलं ऊन? करडू विकलं असणार. नाहीतर दुधात पाणी. तांब्या नाकाशी धरून पाहिला. काही कळलं नाही.

६ मार्च
दूध तिच्यादेखत मातीत ओतलं. म्हटलं, "तूही त्यांच्यातलीच." ती तांब्या विसळून गेली. लिंबाला मोहोर आलाय. त्याचा वासही आज नकोसा झाला. चूक तिची, आणि वाट बघतेय मी.

८ मार्च
चोरी पकडायची म्हणून सकाळी कुडाला धरत धरत खोपीमागे गेले. केराबाई धार काढत होती. शेळीपुढे बंड्या. नुसतं कातडं, आत भुसा भरलेला. पांढरा कान तसाच. शेळी तो चाटत होती.
"पोट फुगून मेलं," केराबाई म्हणाली. "तुमचा लई जीव त्याच्यावर. सांगितलं असतं तर दूध तोंडाला लावलं असतं का तुमी?"
मी तिथंच खाली बसले. ती उठली नाही. "वाईच थांबा, बाई. हात काढला तर ही पान्हा चोरंल."
परवा ओतलेलं दूध असंच निघालं होतं.

९ मार्च
धार आज बाजेपाशी काढायला लावली. कातडं मी धरून बसले.