सेव्ह म्हणजे वाचलं

३ मार्च
कंपनीची मेल. ज्या सॉफ्टवेअरवर मी आयुष्यभराचं संगीत रचलं, ते बंद. उघडताना ते दरवेळी कंपनीकडे परवानगी मागतं. ३१ तारखेनंतर तिकडून उत्तर येणार नाही, म्हणजे ते उघडणारच नाही. तोवर गाणी एक्सपोर्ट करून घ्या, कुठेही वाजतील अशा फाइल बनवून ठेवा म्हणे. एक्सपोर्ट ही शरणागती आहे. माझ्यासारखा माणूस गप्प बसला, तर बोलणार कोण?

५ मार्च
बायको म्हणाली, जगाचं नंतर बघा, आधी ताईंचं गाणं बाहेर काढा. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. घशाचं ऑपरेशन झालं, आवाज गेला. तिने रेकॉर्ड केलेलं एकमेव गाणं माझ्याकडे आहे. बायकोला शांतपणे सांगितलं, सेव्ह केलंय. रोज करतो. सेव्ह म्हणजे वाचवणे. अर्थ शब्दातच आहे.

९ मार्च
मेहुण्याने फोनवर अक्कल शिकवली. भावोजी, तुम्ही गाणं त्यांच्या कपाटात ठेवलंय आणि ते किल्ली घेऊन निघालेत. उपमा बरी आहे. निवेदनात वापरतो.

१४ मार्च
जगभरच्या वापरकर्त्यांना उद्देशून निवेदन प्रसिद्ध केलं, कंपनीलाही पाठवलं. सुरुवात छपाईच्या शोधापासून. एकच प्रतिक्रिया: लांब आहे, थोडक्यात सांगा. म्हणजे लोकांना जाणून घ्यायचंय. ठिणगी पडली.

२१ मार्च, दुपार
ताई आली. मोबाइलवर टाइप करून दाखवलं: एकदा ऐकव. ऐकवलं. तिला बारकावे कळावेत म्हणून सोबत समजावूनही सांगितलं. ती मोबाइल टेबलावर ठेवून डोळे मिटून बसली होती. जाताना टाइप केलं: आहे तसं दे ना. म्हटलं, खालच्या सुरांचा बेस अजून कच्चा आहे, अर्धवट देणं हा तुझा अपमान होईल.

२७ मार्च
कंपनीचं उत्तर आलं. आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. मोलाचं! नमले. बायको म्हणाली, हे सगळ्यांना आपोआप जातं. तिचा माणसांवर विश्वासच नाही.

३१ मार्च, संध्याकाळ
केवळ बायकोच्या समाधानासाठी एक्सपोर्ट करायला बसलो. उघडत नाही. कंपनी पूर्वेकडच्या देशातली, तिकडे एक तारीख लागलीय. माझी ३१ अजून शिल्लक आहे, हे कोणाला सांगू?

१ एप्रिल
कॉम्प्युटरचं घड्याळ मागे केलं. नाही. इंटरनेट काढलं, लावलं. नाही. कंपनीचा फोन लागत नाही. मेहुण्याला म्हटलं, तुझे पाय धरतो. तो म्हणाला, माझे कशाला, ताईंचे धरा.
फाइल दिसते. क्लिक करतो. दिसते फक्त.

६ एप्रिल
ताईकडे गेलो. भाषण तयार होतं. पहिल्याच वाक्याला रडू कोसळलं. तिने पाठीवरून हात फिरवला आणि टाइप केलं: माझ्याकडे आहे. त्या दुपारी मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतलं होतं.
लावलं. तिचाच आवाज. लांबचा, भिंतीपलीकडून आल्यासारखा. आणि त्याच्यावर, पहिल्या ओळीपासून, मी. बेसबद्दल. कंपनीच्या नीतिमत्तेबद्दल. छपाईच्या शोधाबद्दल. मध्ये एकदा मी श्वास घ्यायला थांबतो, तेवढ्यात ताईची अर्धी ओळ स्वच्छ ऐकू येते.
मग पुन्हा मी: काळजी करू नकोस ताई, सेव्ह केलंय.